फलकावरचे मूल

प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या अभ्यासवर्गात सहसा निघत नाही. लहान मुलांचा राजकीय प्रतीक म्हणून होणारा उपयोग, हा तो विषय होय. मुलाचा चेहरा भाषणापेक्षा लवकर पोहोचतो. भाषण ऐकताना माणूस शंका काढतो, आकडे विचारतो. रडणाऱ्या अथवा हसणाऱ्या मुलाकडे पाहून तो शंका काढीत नाही. ही गोष्ट सरकारांना ठाऊक आहे, आणि सरकारविरुद्ध लढणाऱ्या चळवळींनाही ठाऊक आहे. म्हणून युद्धाच्या भित्तिपत्रकावर मूल असते, शांततेच्या भित्तिपत्रकावरही मूल असते.

सभासद बंधुभगिनी विचारतील की, यात वाईट ते काय? अन्याय मुलांवरही होतो. मग तो दाखवावयाचा नाही काय? दाखवावयाचा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फलकावर चढलेले मूल कायम त्याच वयाचे राहते. खरे मूल मात्र वाढते. वाढल्यावर त्याला स्वतःचे मत येते. त्या मताला कोठे जागा असते काय? आणि फलक उतरविल्यावर त्या मुलाची शाळा, औषधपाणी, झोप यांची काळजी कोणी वाहिली? हे दोन प्रश्न हाती धरून आपण काही घटना पाहू. पहिली घटना बौद्ध जगतातीलच आहे, म्हणून तिच्यापाशी अधिक थांबू.

पंचेन लामा

तिबेटी बौद्ध परंपरेत दलाई लामांच्या खालोखाल पंचेन लामांचे स्थान मानले जाते. शिगात्से येथील ताशिल्हुन्पो हा त्यांचा मठ. पंचेन लामांचे निधन झाले की त्यांचा पुनर्जन्म समजले जाणारे मूल शोधून त्यास गादीवर बसविण्याची तेथे प्रथा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपणांस ही प्रथा परकी वाटेल, आणि आत्मा न मानणाऱ्या धम्मात ती कशी बसते असेही विद्यार्थी विचारतील. तो वाद स्वतंत्र आहे. त्यात येथे शिरत नाही. येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, ज्या प्रथेत एक लहान मूल एका मोठ्या समाजाच्या श्रद्धेचे केंद्र बनते, तेथे त्या मुलावर ताबा म्हणजे त्या श्रद्धेवर ताबा, हे राज्यकर्त्यांनी फार पूर्वीच ओळखले. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या सम्राटाने सुवर्णकलशातून चिठ्ठी काढून असे मूल ठरविण्याची पद्धत घालून दिली, ती याचसाठी.

दहावे पंचेन लामा १९३८ साली जन्मले. १९४९ साली त्यांना गादीवर बसविण्यात आले तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांचे होते. त्या एका वर्षात त्या मुलावर दोन राजवटींची मोहोर उमटली. आधी कुओमिंतांग सरकारने त्यांना मान्यता दिली. नंतर १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगमध्ये कम्युनिस्ट राजवट जाहीर झाली, तेव्हा माओ त्से-तुंग यांचे अभिनंदन करणारी आणि तिबेटच्या मुक्तीची इच्छा व्यक्त करणारी तार याच मुलाच्या नावाने गेली. अकरा वर्षांच्या मुलास राज्यक्रांती, मुक्ती आणि सैन्य यांतले किती उमगत असेल, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या घरातले पाचवीतले मूल डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे.

पुढे काही वर्षे हेच चालले. ज्या १९५६ साली नागपुरात परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, त्याच वर्षाच्या अखेरीस भगवान बुद्धांच्या २५०० व्या जयंतीच्या समारंभासाठी दलाई लामा व पंचेन लामा हे दोघेही भारतात आले होते. पंचेन लामा तेव्हा अठरा वर्षांचे होते. १९५९ साली दलाई लामांनी भारतात आश्रय घेतला. पंचेन लामा मागे राहिले. चीन सरकारला हवे ते बोलणारे आणि हवे तेथे बसणारे एक प्रतीक, अशीच त्यांच्याविषयी सर्वांची समजूत होती. तिबेटी लोकांतही पुष्कळजण त्यांना चीनचे माणूस समजत.

परंतु हे प्रतीक मोठे होत होते आणि डोळे उघडे ठेवून हिंडत होते. १९६२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना एक प्रदीर्घ निवेदन सादर केले. ते ‘सत्तर हजार अक्षरांचे निवेदन’ म्हणून ओळखले जाते. तिबेटी भागात लोक उपाशी मरत आहेत, हजारोंना पकडून नेले आहे, मठ मोडले जात आहेत, हे त्यांनी त्यात लिहिले. अडीच हजारांहून अधिक मठांपैकी सत्तरएक उरले, असा हिशेबही त्यांनी मांडला. याचे फळ त्यांना लवकरच मिळाले. १९६४ साली त्यांची पदे काढून घेण्यात आली, भर सभांतून त्यांची निर्भर्त्सना झाली, आणि पुढे नऊ-दहा वर्षे तुरुंग व त्यानंतर नजरकैद, अशा अवस्थेत १९८२ सालापर्यंतचा काळ गेला. २८ जानेवारी १९८९ रोजी शिगात्से येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यांना सरकारने अकराव्या वर्षी बोलते केले, त्यांना चोविसाव्या वर्षी स्वतःचे बोलल्याबद्दल गप्प केले. आमच्या मते या सबंध विषयाचे मर्म येथे आहे.

त्यांच्या निधनानंतर पुन्हा मुलाचा शोध सुरू झाला. ताशिल्हुन्पोचे प्रमुख चाद्रेल रिम्पोछे हे चीन सरकारने मान्य केलेल्या शोधसमितीचे प्रमुख होते, आणि त्यांचा दलाई लामांशीही संपर्क होता. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे मूल मिळावे, असा त्यांचा प्रयत्न होता. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी धर्मशाळेहून घोषणा केली की, ल्हारी भागात २५ एप्रिल १९८९ रोजी जन्मलेला गेधुन चोएकी न्यिमा हा अकरावा पंचेन लामा होय. ही घोषणा चीन सरकारच्या घोषणेच्या आधी झाली. तिची वेळ योग्य होती की नव्हती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दलाई लामांचा हा परंपरागत अधिकार होता असे एक पक्ष म्हणतो. त्या मुलाचे पुढे काय होईल याचा अंदाज करावयास हवा होता, असे दुसरा पक्ष म्हणतो. घोषणेनंतर तीनच दिवसांनी, १७ मे रोजी, त्या सहा वर्षांच्या मुलास व त्याच्या आईवडिलांस चिनी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले. त्यानंतर ते कुटुंब लोकांच्या दृष्टीस पडलेले नाही. चाद्रेल रिम्पोछे यांना १९९७ साली सहा वर्षांची शिक्षा झाली.

इकडे २९ नोव्हेंबर १९९५ रोजी ल्हासाच्या जोखांग मंदिरात तोच जुना सुवर्णकलश पुढे आणण्यात आला. धर्म न मानणाऱ्या सरकारने सम्राटाच्या धार्मिक पद्धतीने चिठ्ठी काढावी, यातील विनोद वाचकांच्या ध्यानात आला असेलच. तीन नावांतून ग्याल्त्सेन नोर्बू हे नाव निघाले. हा मुलगाही त्याच ल्हारी भागातला. वय पाच वर्षे. ८ डिसेंबरला त्यास ताशिल्हुन्पोत गादीवर बसविण्यात आले. तो पेकिंगमध्ये वाढला, सरकारी बौद्ध संघटनेचा उपाध्यक्ष झाला, राष्ट्रीय पातळीवरील सल्लागार परिषदेत बसला. त्याच्या तोंडी देशाच्या एकतेची भाषा असते. त्याला कोणी ‘खोटा पंचेन’ म्हणतात. आम्हांस असे वाटते की, पाच वर्षांच्या मुलाने कोणाचे काही खोटे केलेले नसते. चिठ्ठी मोठ्यांनी काढली. नाव त्याचे निघाले.

आता दुसरी बाजू. नाहीशा झालेल्या मुलासाठी जगभर आवाज उठला, आणि तो उठावयासच हवा होता. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढे हा प्रश्न आला, तेव्हाच चीनच्या प्रतिनिधीस हे मान्य करावे लागले की मूल सरकारच्या ‘संरक्षणाखाली’ आहे. आईवडिलांनीच तशी विनंती केली, ही पुस्तीही त्यांनी जोडली. कार्यकर्त्यांनी ‘जगातील सर्वांत लहान राजकीय कैदी’ अशी घोषणा तयार केली. गालांवर लाली असलेल्या, सरळ पाहणाऱ्या त्या मुलाचे छायाचित्र फलकांवर, पत्रकांवर, मठांच्या भिंतींवर झळकले. दरवर्षी २५ एप्रिलला निर्वासित तिबेटी समाज त्याचा वाढदिवस पाळतो.

पण तो मुलगा आज मुलगा नाही. तीसपस्तीस वर्षे उलटून गेली आहेत. मे २०२० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने सांगितले की, त्याने शिक्षण पूर्ण केले असून तो नोकरी करतो, आणि आपणांस कोणी त्रास देऊ नये अशी त्याची व कुटुंबाची इच्छा आहे. हे खरे की खोटे, ते तपासण्याचा मार्ग बाहेरच्या कोणासही मिळालेला नाही. ज्याची इच्छा म्हणून सांगितली, तो स्वतः कधी समोर आलेला नाही. म्हणजे सरकार त्याच्या वतीने बोलते, आणि कार्यकर्तेही त्याच्या वतीने बोलतात. हे दोन्ही सारखेच दोषी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. एकाने त्याला नेले, दुसरे त्याला शोधत आहेत. तथापि शोधणाऱ्यांच्या हातातील चित्र सहा वर्षांच्या बालकाचे आहे आणि ज्याला शोधावयाचे तो प्रौढ पुरुष आहे, ही अडचण त्यांनाही जाणवली असावी. कारण २०१९ साली त्याच्या तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास तो आता कसा दिसत असेल याचे कल्पनाचित्र तयार करवून प्रसिद्ध करण्यात आले. छायाचित्रातले मूल वाढविण्याचा तो प्रयत्न आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

व्हिएतनामची किम फुक हिची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे, कारण तिला अखेर स्वतःचे बोलण्याची संधी मिळाली. ८ जून १९७२ रोजी त्रांग बांग या गावावर दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने नेपाम बॉम्ब टाकले. अंगावरचे कपडे जळून गेलेली नऊ वर्षांची किम रस्त्यावरून किंचाळत धावत आहे, हे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. तिचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ती चौदा महिने रुग्णालयात होती आणि तिच्यावर सतरा शस्त्रक्रिया झाल्या. युद्ध संपले. पुढे ती डॉक्टर होण्यासाठी शिकू लागली, तेव्हा नव्या सरकारच्या अधिकाऱ्यांना ‘छायाचित्रातली मुलगी’ सापडली. परदेशी पत्रकार आले की तिला वर्गातून बोलावणे येई. काय सांगावयाचे तेही ठरलेले असे. शिक्षण त्यात मोडले. ज्या बॉम्बने तिला जाळले त्याच्या निषेधासाठीच हे चालले होते, आणि त्या निषेधाने तिचा अभ्यास बंद पाडला. अखेर ती क्यूबाला शिकावयास गेली. १९९२ साली लग्नानंतर मॉस्कोहून परतताना विमान इंधनासाठी कॅनडात उतरले, तेव्हा तिने व तिच्या पतीने तेथेच आश्रय मागितला. १९९६ साली वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या स्मारकापुढे ती बोलली, आणि पुढे युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी तिने संस्था काढली. छायाचित्र तेच राहिले. पण आता ते कशासाठी दाखवावयाचे, हे ती स्वतः ठरवू लागली.

बर्मिंगहॅमचा प्रश्न

सरकारांना दोष देणे सोपे असते. चळवळ आपली असते तेव्हा प्रश्न कठीण होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी त्या समाजातील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, आणि १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ हे नाव त्यांच्याकडूनच आले. त्या लढ्यातील १९६३ चे बर्मिंगहॅम विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावे.

अलाबामा राज्यातील हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. शाळा, उपाहारगृहे, पाण्याचे नळसुद्धा गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेथे सत्याग्रह सुरू केला, पण तुरुंगात जाण्यास पुरेसे लोक मिळेनात. याचे कारण भ्याडपणा नव्हते. मोर्चात दिसलेल्या माणसाची नोकरी दुसऱ्या दिवशी जाई, घराचे कर्ज अडकविले जाई. गावाच्या बहिष्काराने पिठाची गिरणी, दुकान आणि मजुरी एका दिवसात बंद होते म्हणजे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. तेव्हा किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी सुचविले की, मुलांना नोकरी नसते, म्हणून मुलांनी यावे.

किंग प्रथम कचरले. परंतु बेव्हेल यांनी शाळाशाळांतून मुले जमविली, अहिंसेचे वर्ग घेतले, आणि २ मे रोजी हजाराहून अधिक विद्यार्थी शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये आले. तेथून ते गटागटाने गाणी म्हणत बाहेर पडले आणि शेकड्यांनी पकडले गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे प्रमुख बुल कॉनर यांनी अग्निशामक दलाचे पाण्याचे झोत आणि कुत्री सोडली. तुरुंग भरले, तेव्हा मुलांना जत्रेच्या मैदानात कोंडले. ती छायाचित्रे जगभर छापली गेली. १० मे रोजी शहरात समझोता झाला, आणि पुढच्या वर्षी, २ जुलै १९६४ रोजी, नागरी हक्कांचा कायदा आला. बर्मिंगहॅमच्या मुलांवाचून तो इतक्या लवकर आला नसता, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

त्याच वेळी या गोष्टीवर कडक टीका झाली, आणि ती केवळ विरोधकांनी केली असे नाही. माल्कम एक्स यांनी म्हटले की, खरे पुरुष आपल्या मुलांना गोळीच्या तोंडी पुढे करीत नाहीत. सरकारातून रॉबर्ट केनेडी यांनी इशारा दिला की, एखादे मूल जायबंदी झाले वा दगावले तर ती किंमत कोणालाच परवडणार नाही. किंग यांच्या बाजूचे उत्तर असे होते की, ही मुले वेगळ्या शाळेत, वेगळ्या नळावर रोजच मार खात आहेत. त्यांना लढ्याबाहेर ठेवल्याने ती सुरक्षित होतात हा भ्रम आहे.

आम्ही या उत्तराच्या बाजूने आहोत, पण डोळे झाकून नाही. आमचे म्हणणे तीन गोष्टींवर उभे आहे. त्या मुलांत नऊ वर्षांची ऑड्री फे हेंड्रिक्स होती. चळवळीच्या सभा तिच्या घराला नेहमीच्या होत्या. तिने आपल्या आईवडिलांना सांगितले की मला तुरुंगात जावयाचे आहे. त्यांनी होकार दिला, आणि ती आठवडाभर कोठडीत राहिली. म्हणजे मूल बोलले, आईवडिलांनी ऐकले, आणि काय घडू शकते याची शिकवण आधी देण्यात आली होती. ती मुले स्वतःच्याच अन्यायाविरुद्ध उभी होती, कोणाच्या उसन्या कारणासाठी नव्हे. तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २० मे रोजी शहराच्या शिक्षण मंडळाने मोर्चात गेलेल्या १०८१ विद्यार्थ्यांना शाळेतून काढून टाकले. चळवळीच्या वकिलांनी लगेच न्यायालयात धाव घेतली, आणि दोनच दिवसांत, २२ मे रोजी, वरिष्ठ न्यायालयाने मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. छायाचित्रे छापून आल्यावर चळवळीने त्या मुलांना वाऱ्यावर सोडले नाही.

तरीही किंमत द्यावी लागली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी त्याच चर्चमध्ये वंशवाद्यांनी बॉम्ब ठेवला आणि त्यात चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. हा दोष बॉम्ब ठेवणाऱ्यांचाच. पण मुलांचा मार्ग म्हणून गाजलेल्या चर्चवर त्यांचा डोळा होता, ही गोष्ट किंग यांनाही विसरता आली नसेल.

आणखी एक तपशील. बर्मिंगहॅमचे सर्वांत गाजलेले छायाचित्र एका शाळकरी तरुणावर पोलिसांचा कुत्रा झेपावतो आहे, असे आहे. ४ मे रोजी न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्राने ते पहिल्या पानावर छापले. आज त्या शहरातील उद्यानात त्यावरून घडविलेले शिल्पही आहे. प्रत्यक्षात तो तरुण मोर्चात नव्हता; तो बघ्यांपैकी होता, आणि किंग यांच्यावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्रचालक कुटुंबाशी त्याचे नाते होते. छायाचित्र खोटे नाही, कुत्रा खरा होता. पण त्या एका चेहऱ्यावर जगाने जो अर्थ चढविला, त्याबद्दल त्यास कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे

आपल्या इतिहासातही एक मूल आहे. त्याचे छायाचित्र नाही, नावही सहसा सांगितले जात नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्ज नाकारला गेला, आणि प्रकरण सरकारपर्यंत गेले. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण आजवर पुढे आलेल्या एकट्या महार मुलासाठी इतर सर्व विद्यार्थ्यांवर त्याचा सहवास लादणे योग्य होणार नाही, असे ठरविले. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी लंडनहून कळविले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. पुढे अनेक दशके अहवालांत आणि निवेदनांत हे प्रकरण उदाहरण म्हणून येत राहिले. बाबासाहेबांनीही ते मांडले. तत्त्व पुढे गेले. तो मुलगा नंतर कोठे लिहावयास शिकला, याची नोंद कागदांनी ठेवली नाही. धोरणाच्या फाइलीत मूल कसे विरघळून जाते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

याच्या उलट उदाहरण स्वतः बाबासाहेबांचे. १९०१ साली सातारहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. निरोपाचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. जात कळताच स्थानकप्रमुख मागे सरला. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडी हाकावयास तयार झाला नाही. मुलांनी गाडी हाकावी आणि तो बाजूने चालेल, असे ठरले. सोबत अन्न होते, पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. ही हकिगत कोणा पुढाऱ्याने सभेत त्या मुलाला उभे करून सांगितलेली नाही. तो मुलगा मोठा झाला, बॅरिस्टर झाला, आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्याने ती स्वतःच्या शब्दांत, स्वतःला हवी तेवढी सांगितली. म्हणून तिच्यात मडक्यापासून गाडीभाड्यापर्यंतचा तपशील आहे, आणि रडगाणे कोठेही नाही.

आता आपल्या संस्थांकडे वळू. जयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर बालभीम, माता रमाई, सिद्धार्थ गौतम यांच्या वेषात मुले बसविली जातात. हा आनंदाचा भाग आहे, आणि मुलांनाही तो बहुधा आवडतो. त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र एप्रिलच्या उन्हात चार-चार तास एकाच आसनात बसविलेले मूल पाणी मागावयास लाजते, हे कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहे. निवडणुका आल्या की तीच मुले झेंडे घेऊन एखाद्या उमेदवाराच्या गाडीमागे धावताना दिसतात. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षांना व उमेदवारांना प्रचारात मुलांचा कोणत्याही प्रकारे वापर करण्यास मनाई केली आहे. आपल्या वस्तीतील किती जणांस हे ठाऊक आहे?

याहून गंभीर बाब अत्याचाराच्या घटनांची. एखाद्या कुटुंबावर हल्ला होतो. निषेध सभा भरते. आणि मागे राहिलेल्या मुलाला व्यासपीठावर आणून त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देण्यात येतो. सभेत हुंदके उठतात. वक्ते बदलत जातात, गावे बदलत जातात, आणि ते मूल तीच रात्र पुन्हापुन्हा सांगत राहते. वर्षभराने त्याची शाळेची फी कोणी भरली, असे विचारले तर सभेचे आयोजक एकमेकांकडे पाहतात. पीडित मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याचीही तशीच बंदी आहे. आपल्या पत्रकांवर मुलांची नावे व छायाचित्रे छापताना हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क आहे, तसाच खाजगी आयुष्याचाही हक्क आहे. भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला.

विनयपिटकातील महावग्गात राहुलाची कथा आहे. तथागतांचा हा पुत्र बालवयातच संघात घेतला गेला. तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने येऊन आपले दुःख सांगितले आणि विनंती केली की, यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती विनंती मान्य केली आणि तसा नियम घालून दिला. कार्य कितीही थोर असो, मूल त्यात घेण्यापूर्वी घरी विचारावे लागते, हे संघानेही नियमाने मान्य केले होते.

आमची सूचना लहानशी आहे. यंदाच्या जयंतीच्या पूर्वतयारीच्या बैठकीत चित्ररथांचा विषय निघेल, तेव्हा मुलांच्या वेषभूषेच्या खर्चाबरोबर आणखी एक बाब कार्यपत्रिकेवर घ्यावी. कोणत्या मुलाला बसावयाचे आहे हे त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना कोण विचारणार, ‘नको’ म्हटल्यास ते ऐकणार कोण, तासातासाने मूल बदलणार कोण, आणि पाणी कोणाकडे राहणार, हे नावानिशी ठरवावे. अत्याचारग्रस्त कुटुंबातील मुलांच्या शिक्षणासाठी संस्थेने स्वतंत्र खाते उघडावे, आणि ज्या सभेस त्या कुटुंबातील कोणी उपस्थित असेल त्या सभेची वर्गणी प्रथम त्या खात्यात जमा व्हावी. हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापता येईल.